ऐकणाऱ्याची पाळी

विमानाला ढोल ऐकू जात नाही.
हे मला आधी कळायला हवं होतं.
पहिलं वर्षभर आम्ही ढोल पोत्याखाली झाकला
आणि गुहेत पुटपुटत राहिलो,
देव जणू कुणाच्या घरातून उचलून आणला होता.

मग ढोलवाला इद्रिसच म्हणाला,
हबीला, पायलट बहिरा असतो रे,
त्याच्या कानात त्याचंच इंजिन.
गप्प बसायचं ते त्याला आपण ऐकू येऊ नये म्हणून नाही,
आपल्याला तो ऐकू यावा म्हणून.

तेव्हापासून ही यादी.
शाळेच्या वहीचं मागचं पान
(शाळा राहिली नाही, वही आहे),
दर रविवारी एक नाव:
यानं बाहेर खडकावर बसायचं
आणि सगळ्यांच्या वाटचं आकाश ऐकायचं.

लिहिलंय ना, पूर्ण मनाने, पूर्ण जिवाने, पूर्ण शक्तीने.
कानांचं काही लिहिलेलं नाही.
पण एक कान वर टांगून
पूर्ण मन खाली कसं ठेवायचं?
मी करून पाहिलंय.
प्रार्थनेच्या ऐन मध्यात एक माशी भणभणली
आणि मी, उपदेशक, सगळ्यांच्या आधी
जमिनीवर पालथा.
मुलं हसली.
मोठ्यांपैकी कुणी हसलं नाही.

आज तियाची पाळी. वय अकरा.
म्हणाला, मला आत बसायचंय, ढोलापाशी.
मी म्हटलं, पाळी आहे.
तो 'हो' म्हणाला नाही.
तोंड फुगवून, दगडाला लाथ मारत,
पण गेला.
आज्ञापालनावर मी किती रविवार बोललोय,
इसहाकाच्या पाठीवरची लाकडं मोजून दाखवलीत.
ती छोटी पाठ उन्हात चढताना दिसली
आणि आजचा उपदेश मी खिशातच ठेवला.

आत इद्रिसनं पोतं काढलं.
तेलाचं पिंप, एका तोंडाला गाईचं कातडं.
कोशे म्हातारी उठली.
हिनं मागच्या उन्हाळ्यात दोन नातवंडं
एकाच खड्ड्यात निजवली.
देवाशी बोलणं टाकलंय, असं तीच सांगते सगळ्यांना,
आणि दर रविवारी सगळ्यांच्या आधी येते.
गायली नाही. नुसत्या टाचा आपटल्या,
आपटत राहिली,
धूळ तिच्या गुडघ्यापर्यंत चढली.
तो नाच होता की भांडण, मला ठरवता आलं नाही.
ठरवणारा मी कोण.

प्रभुभोजनाला भाकर होती ज्वारीची, तळहाताएवढी,
आणि माणसं बत्तीस.
पीठ कोशेनंच आणलेलं.
कुठून, मी विचारलं.
बियाण्यातून, ती म्हणाली,
आणि माझ्याकडे अशी पाहिली
की पुढचा प्रश्न मी गिळला.
द्राक्षारसाच्या जागी अंबाडीच्या लाल फुलांचं पाणी.
आंबट. सगळ्यांचे डोळे बारीक झाले.

तेहतिसावा तुकडा घेऊन मी वर गेलो.
तियानं न बघताच हात उचलला: थांब.
डोळे मिटलेले, ओठ किंचित उघडे,
मानेची शीर ताणलेली.
इतकं सगळं अंग कान होऊन बसलेला माणूस
मी गुहेत एकही पाहिला नव्हता.
मी थांबलो. हातातल्या तुकड्यावर मुंगी चढली.

नाही, तो म्हणाला शेवटी. मोटारसायकल आहे. लांब.
आणि तोंड उघडलं.

मग मला यादी आठवली.
दोन वर्षं, एकशे चार नावं,
काही दोनदा, काही आता खोडलेली.
माझं एकदाही नाही.
वही माझ्याकडे, पेन्सिल माझ्याकडे,
आणि मला वाटायचं, मी तर आत लागतोच.

जा, मी तियाला म्हटलं. सरक.
खडक त्याच्या अंगाने ऊबदार होता.
आकाश, एकट्यानं ऐकायचं म्हटलं, की
फार मोठं निघतं,
त्याला कडाच नाही कुठे.
वारा. एक घार. माझाच श्वास. पुन्हा वारा.

खाली ढोल परत सुरू झाला,
साफ चुकलेल्या तालात.
इद्रिस असं वाजवत नाही.